वकील कोणाचा?

इंग्लंडने २००७ च्या कायद्याने वकिलांच्या पेढीत बाहेरच्या भांडवलाला वाट करून दिली. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यानेही २०२० साली तेच ठरवले. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिलाला फीमध्ये बिगरवकिलाचा वाटा ठेवता येत नाही. हा नियम टिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

समजा, आपल्याकडच्या निम्न तेरणा प्रकल्पात जमीन गेलेला शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात गेला. त्याच्या वकिलाच्या पेढीत मुंबईच्या शेठजीचा पैसा असेल, तर वकील ऐकणार कोणाचे? शेठजीला घाईची तडजोड परवडेल. शेतकऱ्याची मात्र जमीन गेलेली असते.

अर्थात, शेठजी नको म्हणताना तो शेतकरी कोर्टखर्चासाठी सावकाराकडे जातो, हेही आपण पाहतोच. १९८७ च्या कायद्याने गरिबाला मोफत वकील मिळतो, हे त्याला सांगणार कोण?