शब्दांच्या वाटा : थ्रॉसल खात्यातला पक्षी

थ्रश, थ्रस्ट आणि थ्रम. इंग्रजीतले हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण शाळेत ते एका यादीत पाठ करून घेतले की मुलांच्या हाती फक्त गोंधळ लागतो. थ्रस्ट म्हणजे रेटणं. अग्निबाणाचा रेटा तो हाच. इंग्लंडात तो नॉर्स भाषेतून आला. थ्रम म्हणजे तारा छेडत राहणं, टेबलावर बोटांनी ताल धरणं. विणकरांचा थ्रम वेगळाच: कापड कापून घेतल्यावर मागाला उरलेल्या ताण्याच्या दशा.

खरी मोठी वाट चालला तो थ्रश, म्हणजे कस्तुर.

इंग्लंडातला गाणारा कस्तुर एकेक लकेर दोन-तीनदा घोळवतो, मगच पुढची घेतो. गोगलगाय सापडली की ती चोचीत धरून दगडावर आपटतो आणि शंख फोडून खातो. त्याचं जुनं नाव थ्रॉसल. आर्कराइटने १७६९ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्या सूतयंत्राची पुढची सुधारलेली पिढी चालताना सतत गुणगुणायची. त्या आवाजावरून यंत्रालाही थ्रॉसल म्हणू लागले.

ताडदेवला १८५६ मध्ये मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली. पुढे गिरणगाव उभं राहिलं आणि सूतकताईचा विभाग कामगारांच्या तोंडी ‘थ्रॉसल खातं’ झाला. मूळ थ्रॉसल मागे पडून रिंग यंत्रं आली. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी ती फार लवकर आणली. मुंबईतही यंत्र बदललं, खात्याचं नाव मात्र टिकलं. तिथे साइडर यंत्राच्या कडेने फेऱ्या मारत तुटलेले धागे सांधायचे, डॉफर भरलेल्या बॉबिनी उतरवायचे आणि कापसाची भुकटी केसांवर, भुवयांवर बसायची. हे नाव एका गाणाऱ्या पक्ष्याचं, हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

थ्रॉसल हा आता मराठी शब्द आहे. लाखो मराठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरल्यावर आणखी कोणता दाखला हवा? तो शब्दकोशात हवा. साइडर, डॉफर, साचा, बदली यांच्या गिरणीतल्या अर्थांसकट. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा विशीत असलेले कामगारही आज साठीपार आहेत. कोशकारांनी आधी लालबाग-परळच्या चाळींत आणि संपानंतर गावी परतलेल्यांच्या घरी जावं, ग्रंथालयात नंतर.