आधी पाहा, मग पुसा



डोंबिवलीच्या आमच्या शाळेतल्या संगणकावर लिनक्स आहे. जुने फोटो काढून टाकायला मी पुसण्याची आज्ञा 'आरएम' लिहिली. पुढे *.जेपीजी हवं होतं, पण * नंतर चुकून स्पेस पडली. झालं! फोटोंबरोबर त्याच फोल्डरमधल्या मुलांच्या नोंदीही गेल्या. आरएमला कचरापेटी नसते. सगळं पुन्हा हाताने लिहिलं.

चूक माझीच. * म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा. ? म्हणजे नेमकं एक. [१२३] म्हणजे यांपैकी कुठलंही एक. ही चिन्हं आरएमपर्यंत पोचतच नाहीत. शेल आधीच जुळणाऱ्या नावांची यादी करून तिच्या हातात देतो. आरएमच्या जागी आधी 'इको' लिहिलं असतं, तर तीच यादी फक्त पडद्यावर दिसली असती आणि मी थांबले असते.

मराठीत एक गंमतही आहे. 'मीरा' आपल्याला दोन अक्षरं. संगणक मात्र काना-वेलांटी वेगळी मोजून चार धरतो. म्हणून ?? नाही, ???? लागतात. बाराखडीच्या तासाला हे जरूर दाखवा.

माझं मत स्पष्ट आहे. चौथीपासून मुलांना फाइलला नीट नाव द्यायला शिकवा. 'फायनल२' नको, 'चौथी_गणित_०१' हवं. मग चौथी_* लिहिलं की वर्गाचं सगळं काम एका दमात सापडतं. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतही मोफत आहेत. घरी मुलांसोबत बसून बघा.

आणि सवय एकच लावा : आधी पाहायचं, मगच पुसायचं.