उमाबाई दाभाडेंचं टपाल तिकीट : मागणी रास्त, पण कागद पक्का हवा

निमोणे : पत्रं कमी झाली, तरी टपाल तिकिटाचा मान कमी झालेला नाही. १८५७ च्या उठावाला शंभर वर्षं झाली, तेव्हा १५ ऑगस्ट १९५७ रोजी राणी लक्ष्मीबाईंचं तिकीट निघालं. त्यांच्याच बाजूने लढलेल्या झलकारीबाईंना मात्र २००१ पर्यंत थांबावं लागलं. मग आपल्या पुणे जिल्ह्यातल्या उमाबाई दाभाडे यांचं काय?

तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या त्या पत्नी. १७२९ मध्ये खंडेराव गेले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला थोरले बाजीराव पेशवे यांच्याशी झालेल्या लढाईत मुलगा त्र्यंबकराव पडला. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावांना मिळालं, पण कारभार उमाबाईंच्या हाती राहिला. अहमदाबादच्या मोहिमेवर त्या स्वतः गेल्या. पुढे ताराबाईंच्या बाजूने उभं राहून नानासाहेब पेशव्यांशी वैर घेतलं आणि कैदही सोसली. १७५३ मध्ये त्यांचं निधन झालं. पुण्याच्या इतिहासात त्या मागे पडल्या, त्याला हे वैरही कारण असावं.

तिकिटाची मागणी करताना एक गल्लत टाळली पाहिजे. पैसे भरून छापून मिळणारं ‘माय स्टॅम्प’ वेगळं, विशेष पाकीट वेगळं आणि टपाल खात्याचं स्मारक तिकीट वेगळं. स्मारक तिकिटासाठी खात्याकडे रीतसर प्रस्ताव लागतो, तो सल्लागार समितीपुढे जातो. २०२८ मध्ये उमाबाईंच्या निधनाला २७५ वर्षं होतील. त्या निमित्ताने तिकीट हवं असेल, तर प्रस्ताव बराच आधी जायला हवा.

दुसरं म्हणजे मजकूर. तिकिटासोबत खातं माहितीपत्रकही काढतं आणि पुढे तेच संदर्भ म्हणून वापरलं जातं. भाषणात ‘एकमेव महिला सरसेनापती’ म्हणणं सोपं आहे. पण पद मुलाच्या नावावर आणि जबाबदारी आईच्या खांद्यावर, हे जसं होतं तसंच लिहावं. त्याने उमाबाईंचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

याच जिल्ह्यात, खडकवासल्याच्या एनडीएतून ३० मे २०२५ रोजी १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आता पद मुलींच्याच नावावर आहे. शिरूर-दौंडच्या गावांत भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना ही वाट तळेगावावरूनही जाते, हे कळायला हवं. ग्रामपंचायती, शाळांनी ठराव करून पाठवले, तर मागणीला वजन येईल. नुसत्या जयंतीच्या बॅनरने ते होणार नाही.