घर आणि शाळा : पोरं शिकतात की नुसती खेळतात?



कुणकेश्वर आणि आसपासच्या वाड्यांतून आयांच्या तोंडची एक तक्रार हमखास ऐकू येते. "आमची पोरां शाळेत शिकाक जातत की खेळाक? वही कोरी, पाढे नाय, नुसते खडे नि शिंपले घेवन बसतत. ह्यां काय शिकवणां?"

ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, खोताच्या वहीत काय लिहिले आहे हे न कळताच ज्यांच्या आज्या-पणज्यांनी आंगठे उठवले, त्या समाजातल्या आईला मुलाच्या हातात पुस्तकाऐवजी शिंपला दिसला की तिच्या काळजात धस्स होणारच. 'पैसेवाल्यांच्या पोरांना इंग्रजी आणि आमच्यांना खेळ' हा संशय आपल्याला अनुभवाने शिकवला आहे. तो टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. फक्त तो योग्य जागी वापरा.

आधी हे समजून घेऊ की ही पद्धत कोणा मास्तरांच्या लहरीवर आलेली नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २९ व्या कलमात लिहिले आहे की शिकणे कृतीतून, शोधातून, बालस्नेही आणि बालकेंद्री रीतीने व्हावे आणि मूल भीतीपासून मुक्त असावे. १७ व्या कलमाने छडी आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. पुढे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर तक्ते रंगवून, खडे-काड्या मुलांच्या हाती देऊन हे काम केले. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर त्याला आणखी वेग आला. ज्या साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी शाळेत दाखल झालेल्या भिवाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, पाण्याच्या भांड्याला हात लावता आला नाही, त्याच जिल्ह्यातले हे वर्ग. तिथे सगळी मुले एकाच फरशीवर गोल करून बसतात. मला तरी हे थोडे वाटत नाही.

आता शिंपल्यांचे. साठ ही संख्या पाटीवर शंभर वेळा गिरवली तरी ती मुलाच्या डोक्यात शिरेलच असे नाही. पण बाराबाराचे पाच ढीग त्याने स्वतः रचले, मोजले, की पाच डझनाची आंब्याची पेटी त्याला कायमची कळते. आपल्या देवगड तालुक्यातल्या मुलाला हे शिकवायला साधने विकत आणावी लागत नाहीत. कलमांच्या बागेत पेट्या आहेत, किनाऱ्यावर रापणीचे वाटे आहेत, महाशिवरात्रीच्या जत्रेत सुट्ट्या पैशांचा हिशेब आहे. मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करून जे ठाऊक नाही तिथवर नेणे, एवढाच या मोठ्या शब्दाचा अर्थ.

आणि धम्म मानणाऱ्या घराला हे परके का वाटावे? मेलेले मूल कवटाळून आलेल्या किसा गोतमीला तथागतांनी प्रवचन दिले नाही. ज्या घरी कधी कोणी मेले नाही त्या घरून मोहऱ्या आण, म्हणून तिला पाठवले. दारोदार फिरून जे कळायचे ते तिचे तिलाच कळले.

मात्र संशय कुठे धरावा, तेही सांगते. शिंपले मोजून झाले आणि गोष्ट तिथेच थांबली, तर तो खेळच. महिन्या-दोन महिन्यांनी तेच मूल शिंपल्यांशिवाय, कागदावर, बेरीज मांडू लागले पाहिजे. चित्रांच्या पुस्तकावरून अक्षरांच्या पुस्तकावर आले पाहिजे. तिसरीतल्या मुलीला चार ओळींचे पत्र वाचता येत नसेल, तर 'आनंददायी शिक्षण' या नावाखाली तिची फसवणूक चालली आहे असे खुशाल समजा आणि गुरुजींना विचारा. तो उद्धटपणा नव्हे. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, त्याची प्रगती सांगणे हे कायद्याच्या २४ व्या कलमाने शिक्षकाचेच कर्तव्य ठरवले आहे.

भाषेचीही एक अडचण आहे. घरात मालवणी, पुस्तकात पुणेरी. मूल वर्गात "माका येता" म्हणाले की सगळे हसतात, मग ते बोलतच नाही. घरची बोली ऐकून घेणारा, तिच्या आधाराने प्रमाण मराठी शिकवणारा शिक्षक मिळाला तर त्याला जपा. पण घरी आपणच "गावठी बोलू नको" म्हणून पोराच्या तोंडावर मारतो, त्याचे काय?

"आमका खंय लिवता-वाचता येता? आमी काय बघतलव?" हाही प्रश्न येतो. रामजीबाबांचे उदाहरण आपण भाषणांत नेहमी देतो. ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, लिहिते-वाचते होते, हे खरे. पण परळच्या एका खोलीत त्यांनी जे केले त्यात विद्वत्तेपेक्षा नेम जास्त होता. परीक्षेच्या दिवसांत पोराला पहाटे दोन वाजता उठवायचे आणि पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकींचे दागिने गहाण टाकायचे. न शिकलेली आईसुद्धा रोज रात्री "आज काय केलंस, माका करून दाखव" एवढे म्हणू शकते. मुलाने आईला शिकवून दाखवले, की त्याला किती समजले ते उघडे पडते.

शाळेच्या कारभारात आपला हक्कही आहे. २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा असते. शाळेचा विकास आराखडा, अनुदानाचा खर्च यावर लक्ष ठेवणे तिचे काम. गाडी पाठवणाऱ्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत फी भरूनही ही समिती मिळत नाही, हे पोराला तिकडे घालताना ध्यानात असू द्या. पण बहुतेक ठिकाणी आपल्या वाडीतल्या बाईचे नाव यादीत असते आणि सही घ्यायला रजिस्टर घरी येते. सही करण्यापूर्वी ठराव वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर लेकीकडून वाचून घ्यावा. पट कमी म्हणून शाळा बंद करण्याच्या, एकत्र करण्याच्या गोष्टी २०२३ पासून वाढल्या आहेत. डोंगरवाटेने दुसऱ्या गावी कोणाची पोरे चालणार, ते सांगायला आपला माणूस सभेत हवा.

मुंबईकर बांधवांनाही एक विनंती. जयंतीला, मे महिन्यात आपण गावी येतो, मंडळाची सभा होते, विहाराच्या रंगाचा नि मंडपाचा हिशेब होतो. त्या सभेत शाळेचा एक विषय ठेवा. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, त्यातली आठवड्याची एक संध्याकाळ पोरांना द्या. वाचतील ती पोरे आणि ऐकतील ते मोठे.

जूनमध्ये शाळा उघडली की पालकसभा लागेल. आपल्या वाडीतून समितीवर कोण आहे आणि गेल्या वर्षी तिच्या किती सभा झाल्या, ते शाळेत विचारून मला पोस्टकार्डावर कळवा. आलेली उत्तरे याच पानावर छापू.