सतरा तास आणि दीड तास

(सदर : पाळणा आणि प्रशासन)

दरवर्षी १५ ते २१ नोव्हेंबर हा आठवडा नवजात शिशु सप्ताह म्हणून पाळला जातो आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा जागतिक दिवस, म्हणजे १७ नोव्हेंबर, त्यातच येतो. त्यामुळे या आठवड्यात चऱ्होली, दिघी आणि मोशीच्या रस्त्यांवर, आळंदीच्या कार्तिकी वारीच्या स्वागतफलकांना खेटून, रुग्णालयांचे फलकही झळकले. मजकूर सगळीकडे एकच, बदलतो तो आकडा : अमुक इतक्या ग्रॅमच्या बाळाला जीवदान. फलकावर डॉक्टर आहेत, यंत्रे आहेत, काचेच्या पेटीतले बाळ आहे, कोपऱ्यात शुभेच्छुक माननीयही आहेत. नाही ती फक्त आई. बाळाचे वजन आणि फलकाचा आकार यांचे प्रमाण व्यस्त असते, एवढा धडा तरी या जाहिरातींवरून शाळकरी मुलांना देता येईल.

बाळ वाचले ही गोष्ट लहान नाही, आणि ज्यांनी ते वाचवले त्यांच्या कौशल्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो ग्रॅमचा आकडा हीच गुणपत्रिका मानण्याला. या सदराच्या वाचकांना रिबिनीचा सिद्धान्त आठवत असेल : ज्या वस्तूला रिबीन बांधता येते तिच्यासाठी पैसा निघतो, जिला बांधता येत नाही तिच्यासाठी परिपत्रक निघते. नवजात अतिदक्षता कक्षात हा सिद्धान्त सर्वांत शुद्ध स्वरूपात दिसतो, कारण व्हेंटिलेटरला आणि वॉर्मरला रिबीन शोभून दिसते. बाळाशेजारी आईसाठी टाकलेल्या खाटेला ती कोण बांधणार?

या खाटेचे मोल किती, हे आता अंदाजाने सांगण्याची गरज उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०१७ ते २०२० या काळात घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतील पाच रुग्णालयांत एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष मे २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एक किलो ते एक किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशी, दोन गटांत विभागली गेली; जन्मानंतर तासाभरातही स्वतःहून श्वास न घेऊ शकणारी बाळे मात्र त्यातून वगळलेली होती. एका गटात नेहमीची रीत पाळली गेली : बाळ आधी अतिदक्षता कक्षात, आई बाळंतिणींच्या वॉर्डात, आणि बाळ स्थिरावले असे डॉक्टरांनी ठरवल्यानंतरच कांगारू पद्धत, म्हणजे फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे धरून कापडाने बांधून ठेवणे. दुसऱ्या गटात ही पद्धत जन्मल्याबरोबर सुरू झाली, आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात हलवण्यात आली; तिचे टाके, तिची औषधे, तिची तपासणी हे सारे बाळाशेजारीच झाले, आणि आई शुद्धीवर नसेल किंवा फार आजारी असेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणी बाळाला छातीशी धरले.

अतिदक्षता कक्षात बाळाने छातीशी काढलेल्या रोजच्या वेळेचा मध्यक, म्हणजे निम्मी बाळे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली येतात ते मूल्य, दुसऱ्या गटात १६.९ तास होता आणि पहिल्या गटात १.५ तास. अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १५.७ आणि दुसऱ्या गटात शेकडा १२ होते. दर शंभर बाळांमागे जवळपास चार बाळे अधिक वाचली, आणि फरक इतका स्पष्ट दिसू लागला की पहिल्या गटातील बाळांना या लाभापासून दूर ठेवणे योग्य नाही म्हणून देखरेख मंडळाच्या शिफारशीवरून चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. श्वासाला आधार देणारी उपकरणे दोन्ही गटांना उपलब्ध होती आणि उपचारांचे किमान निकषही दोन्हींकडे तेच होते. वेगळी होती ती आईची जागा आणि तिच्या हजेरीचे तास.

आईला आत न घेण्याचे जे कारण दारावर सांगितले जाते, ते म्हणजे जंतुसंसर्ग; बाहेरची बाई आत आली की जंतू येणार, हे ऐकायला इतके शास्त्रीय वाटते की प्रश्न विचारणाऱ्यालाच ओशाळे व्हावे लागते. परंतु याच चाचणीत संसर्गाचा संशय असलेली बाळे आई आत असलेल्या गटात कमी निघाली, शेकडा २२.९, आई बाहेर असलेल्या गटात ती २७.८ होती. याचे संभाव्य स्पष्टीकरण अवघड नाही : आईच्या त्वचेवरचे जंतू बाळाला परके नसतात, तिचे दूध लवकर आणि जास्त मिळते, आणि बाळाला हाताळणाऱ्या निरनिराळ्या हातांची संख्या घटते. नोव्हेंबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली जुनी शिफारस बदलली आणि आधी स्थिरावणे, मग छातीशी हा क्रम सोडून जन्मापासूनच छातीशी असा क्रम सांगितला. सतरा तासांच्या जागी भेटीची अर्धी-अर्धी घटका ठरवणाऱ्या सूचनाफलकांनी या बदलाची दखल घेतली आहे काय, हे दारावरच्या रखवालदारालाच विचारावे. माउलीच्या आळंदीपासून हाकेच्या अंतरावर ‘ताई, वेळ संपली’ हे वाक्य अजून ऐकू येते खरे.

हे झाले जगण्या-मरण्याचे. या सदराला त्यापुढचे म्हणायचे आहे, आणि ते सतरा आणि दीड यांच्यामध्ये उरलेल्या त्या पंधरा तासांत आई आणि बाळ काय शिकतात याविषयी आहे. पूर्ण दिवसांचे बाळ आईकडे टक लावून पाहते, रडून बोलावते, उचलल्यावर गप्प होते. म्हणजे आईने काही केले की त्याची पावती लगेच मिळते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ यातले फारसे काही करू शकत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांची सांगड साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसते, तोवर दूध नळीतून जाते; डोळे उघडतात ते क्षणभर, आणि कुणी जवळ येऊन बोलू लागले की बाळ मान वळवते, बोटे ताठ फाकवते, त्याला उचकी लागते, रंग फिका पडतो. या खुणांचा अर्थ एवढाच की आता पुरे झाले, थोडे थांबा. परंतु काचेबाहेरून दहा मिनिटे पाहणाऱ्या आईला त्याचा अर्थ वेगळा लागतो : हे माझ्याकडे बघतच नाही. मग ती अधिक बोलते, अधिक हलवते, खुळखुळा वाजवते, आणि बाळ अधिकच तोंड फिरवते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी १९७७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा फेरा नेमका टिपला आहे. बाळाचे लक्ष वेधून घ्या असे सांगितल्यावर बाळे कमी पाहू लागली, आणि बाळ जे करते तेच तुम्ही करा, म्हणजे त्याने ओठ हलवले की तुम्ही हलवा, असे सांगितल्यावर तीच बाळे आईकडे जास्त पाहू लागली. कमी करणे हे येथे जास्त करण्याहून अवघड कौशल्य असते, आणि ते भिंतीवरच्या भित्तिपत्रकातून येत नाही. छातीवर बाळ घेऊन तासन्‌तास बसलेली, त्याचा श्वास अडखळला की स्वतःचा श्वास सावध करणारी बाईच ते शिकते. अनुभवी परिचारिकेने शेजारी उभे राहून ‘बघा, आता त्याने बोटे फाकवली, आता बोलू नका’ एवढे दोनदा सांगितले तरी पुरते, मात्र ते सांगताना आई तेथे असावी लागते.

येथे एका गैरसमजाची वासलात लावणे आवश्यक आहे. भावबंध, म्हणजे संकटात धाव घ्यावी अशी एक व्यक्ती आहे हा बाळाच्या वागण्यातून दिसणारा भरवसा, ही कल्पना जॉन बोल्बी यांनी मांडली आणि मेरी एन्सवर्थ यांनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना आईपासून काही मिनिटे दूर करून, ती परतल्यावर मूल काय करते हे पाहून, ती मोजता येईल अशी केली. त्यानंतर १९७०च्या दशकात क्लाउस आणि केनेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी जन्मानंतरच्या पहिल्या तासांतील सहवासाला असे महत्त्व दिले की तो चुकला तर सारेच चुकले असे पुष्कळांना वाटू लागले. हा दावा त्या टोकाला टिकला नाही. १९९२ साली फान आयझेनडोर्न आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली तेव्हा असे दिसले की बाळाच्या अडचणी, अकाली जन्म धरून, भावबंध फारसा बिघडवत नाहीत. आईच्या अडचणी मात्र तो अधिक बिघडवतात. सातमाशी मूल आईला पारखे होते ही भीती म्हणूनच निराधार आहे, आणि ज्या आईला पहिले चार दिवस बाळ दिसलेही नाही तिने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. परंतु याच निष्कर्षाची दुसरी बाजू व्यवस्थापनांना गैरसोयीची आहे : सांभाळायचे आहे ते केवळ बाळाला नव्हे, आईलाही, आणि तिला दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवणे हा सांभाळण्याचा प्रकार नव्हे.

पॅरिसच्या प्येर ब्युदाँ यांना हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच उमगले होते. त्यांचे गुरू तार्निये यांनी १८८०च्या सुमारास, कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहून, बाळांसाठी उबेची पेटी करवून घेतली. पेटीने बाळे वाचली, पण दूर ठेवलेल्या आयांचे मन बाळातून उडते हे ब्युदाँ यांनी पाहिले आणि त्यांना अंगावर पाजण्यासाठी आत बोलावले. जगाने मात्र गुरूची पेटी उचलली आणि शिष्याचे निरीक्षण टाकून दिले. पुढे अमेरिकेत मार्टिन कूनी यांनी कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे पेटीतली बाळे तिकीट लावून दाखवली. त्या पैशांतून बाळांवर विनामूल्य उपचार होत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आजच्या फलकांना तिकीट नसते, एवढीच प्रगती. उलट १९७८मध्ये बोगोटाच्या एडगर रे यांच्याकडे पेट्याच कमी पडल्या, म्हणून त्यांनी बाळे आयांच्या छातीशी बांधली, आणि पुढच्या काळात तेथे जन्मलेल्या मुलांचा वीस वर्षांनंतर केलेला पाठपुरावा २०१७मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा छातीशी वाढलेल्या मुलांत शाळा बुडवणे आणि आक्रमकपणा कमी दिसला, त्यांच्या पालकांत जपणूक अधिक दिसली. गरिबीने जे शिकवले ते खरेदी समितीला शिकवता आले नसते.

महाराष्ट्राला बाईच्या हातावर विश्वास टाकणे अपरिचित नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली; गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि १९९९मध्ये त्याचे परिणाम जगापुढे मांडले. वाचलेल्या बाळांकडे पुढे लक्ष ठेवणेही येथे नवे नाही : पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९मधील दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. केंद्र सरकारनेही २०१७मध्ये नवजात कक्षात कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, म्हणजे सिद्धान्ताला अनुसरून परिपत्रक निघालेच.

अडते ते चऱ्होलीसारख्या ठिकाणी, आणि कारणे अत्यंत साधी आहेत. चऱ्होली बुद्रुक १९९७मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, इमारती उभ्या राहिल्या, पण महापालिकेचे मोठे रुग्णालय संत तुकारामनगरला आहे आणि मेट्रो तेथे थांबते, चऱ्होलीला येत नाही. सिझेरियनचे टाके घेऊन भोसरीमार्गे रोज जाणे-येणे करण्याची अपेक्षा ओल्या बाळंतिणीकडून ठेवायची आणि ती आली नाही तर तिला बाळाची ओढ नाही असे म्हणायचे, हा न्याय नव्हे. घरचे म्हणतात सव्वा महिना उंबरा ओलांडू नको, मग सासूबाई डबा आणि काढलेले दूध घेऊन जातात, पाचवीची पूजा बाळावाचून होते. २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आईला मोफत जेवण दिले ते साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात. बाळ पाच-सहा आठवडे कक्षात राहिले तर आठव्या दिवसापासून तिने काय खावे, हा विचार योजना आखताना कुणाच्या पानात पडलेला दिसत नाही. चाकणच्या कारखान्यात कायम नोकरी असलेल्या बाईला २०१७पासून सव्वीस आठवड्यांची रजा मिळू लागली, पण त्यातले पहिले दीड-दोन महिने रुग्णालयातच सरतात. अकाली जन्मामुळे आई आजारी पडल्यास आणखी एक महिना पगारी रजेची तरतूद १९६१च्या मूळ कायद्यातच होती, हे मात्र तिला कुणी सांगत नाही, आणि ठेकेदाराकडच्या बाईला तर हजेरीपट ही एकच संहिता ठाऊक असते.

तेव्हा मागणी लांबलचक नाही. ज्या रुग्णालयाला ग्रॅम छापायचे असतील त्याने शेजारी आई कक्षात रोज किती तास होती तो आकडाही छापावा. महापालिकेने पुढच्या अंदाजपत्रकात नवजात कक्षांसाठी यंत्रांच्या शीर्षाखालोखाल आयांच्या खाटा, स्वच्छतागृह आणि बाळ घरी जाईपर्यंतचे दोन वेळचे जेवण यांचे वेगळे शीर्ष उघडावे. आणि कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागांनी त्या एका महिन्याच्या रजेचा अर्ज बाळंतिणीच्या हाती आपण होऊन द्यावा. तिन्हींचा मिळून खर्च एका व्हेंटिलेटरच्या आसपासही जाणार नाही असा या सदराचा कयास आहे, आणि तो खोटा ठरवण्यासाठी कुणी हिशेब मांडलाच तर निदान त्या निमित्ताने हिशेब तरी होईल.