क्लासिक आहे, पण भारी नाही वाटला!

'द फ्रेंच कनेक्शन' आवडला नाही, असं चारचौघांत म्हणायला थोडं धाडस लागतं. विल्यम फ्रीडकिनचा हा १९७१चा सिनेमा. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता धरून ५ ऑस्कर त्याच्या नावावर. 'मरण्याआधी बघाच' छाप याद्यांमध्ये तो हमखास असतो. तरीही सांगते, मला तो जेमतेमच वाटला.

गोष्ट साधी आहे. फ्रान्समधून न्यूयॉर्कमध्ये हेरॉइन येणार असतं आणि पोपाय डॉयल नावाचा पोलिस त्याच्या मागावर असतो. जीन हॅकमननं डॉयल जबरदस्त उभा केलाय, वादच नाही. पण हा माणूस असा का झाला, हे शेवटपर्यंत कळत नाही. बराचसा सिनेमा म्हणजे नुसती पाळत आणि पाठलाग. आणि तो गाजलेला चेस, वरून ट्रेन आणि खालून सुसाट गाडी? मस्तच आहे. पण हातातला हलता कॅमेरा, नियम धाब्यावर बसवणारा पोलिस, हे सगळं आपण नंतरच्या कितीतरी सिनेमांत पाहिलंय.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'अगं, त्या काळात हे नवीन होतं!' खरंय. त्यातून सिनेमा महत्त्वाचा का, ते कळतं. पण म्हणून तो आज मला आवडलाच पाहिजे, असं थोडंच आहे?

न आवडलेल्या क्लासिकला आपण एकतर 'मास्टरपीस' म्हणून ५ स्टार देऊन टाकतो, नाहीतर 'ओव्हररेटेड' म्हणून मोकळे होतो. पहिल्यात हसं होण्याची भीती असते, दुसऱ्यात आळस. सिनेमाबद्दल मात्र दोन्हीत एक अक्षर नसतं.

त्यापेक्षा सीन पकडून बोला. एक सीन मलाही पक्का लक्षात राहिलाय. आत रेस्टॉरंटमध्ये तस्कर निवांत जेवतोय आणि बाहेर कडाक्याच्या थंडीत डॉयल पिझ्झा खात उभा. हातातली कॉफी तो ओतूनच देतो. संवाद नसतानाही दोघांमधलं अंतर कळतं. इतकं नेमकं दाखवू शकणारा सिनेमा बाकीचा वेळ मला लांबच ठेवतो, ही माझी तक्रार.

कुणाला नेमका हाच कोरडेपणा आवडत असेल, तर त्यानं तो कुठल्या सीनमध्ये आवडला ते सांगावं. कट्ट्यावर यावरून भांडण झालं तर उत्तमच. नुसत्या माना डोलावल्या, तर क्लासिक फक्त यादीतच उरतात.