अंगठा कुणाचा, सिम कुणाचे?

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रघात आमच्या राज्यकारभारात नवा नाही. परंतु चोराने संन्याशाच्याच अंगठ्याने चोरी करावी आणि संन्याशाला त्याची वार्ताही नसावी, हे नवल मात्र या मोबाईलच्या युगातच पाहावयास मिळते. भीमपूर मंडळातील कष्टकरी बांधवांना आज आम्ही सावध करू इच्छितो ते याचसाठी.

प्रीपेड सिम घ्यावयाचे तर दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवावा, आधारच्या नोंदीशी तो जुळावा, मग सिम सुरू व्हावे, अशी ही रीत. पण कापूस वेचून आणि विळा चालवून ज्याच्या बोटांवरच्या रेषाच झिजल्या, त्याचा अंगठा पहिल्या खेपेस जुळेलच असे नाही. ‘पुन्हा ठेवा’ हे शब्द त्याच्या अंगवळणी पडले आहेत. रेशन दुकानातही तो तेच ऐकतो. लबाड विक्रेत्याचे फावते ते नेमके इथेच! पहिल्या ठशाने गिऱ्हाइकाचे सिम सुरू होते आणि ‘जुळला नाही’ म्हणून घेतलेल्या दुसऱ्या ठशाने त्याच्याच नावावर आणखी एक सिम निघते. ते ठकाच्या हाती जाते. पुढे कुठे एखाद्या निवृत्त शिक्षकाची आयुष्याची पुंजी लुबाडली गेली, की पोलिसांच्या तपासात नाव निघते ते कापूस वेचणाऱ्याचे!

ही आमची कल्पनेची भरारी नव्हे. मे २०२३ पासून ५२ लाख जोडण्या तोडल्या आणि ६७ हजार विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकले, असे केंद्र सरकारनेच त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर केले होते. त्यानंतर विक्रेत्यांची नोंदणी व पडताळणी सक्तीची झाली. हे पाऊल योग्य होते, असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. ओळख पटविण्यास आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या पडताळणीचे ओझे कुणाच्या शिरावर?

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने फसवणुकीने वा तोतयेगिरीने सिम मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. एका नावावर नऊपेक्षा अधिक सिम असल्यास पहिल्या खेपेस पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कायदा कडक आहे. पण ज्याला आपल्या नावावर किती सिम आहेत हेच ठाऊक नाही, त्याने आपले निरपराधित्व कसे सिद्ध करावे?

त्यातून आमचा हा सीमाभाग! १९५६ साली किनवट व राजुरा पलीकडे गेले आणि आम्ही पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. घरात मराठी, आधारपत्रावर तेलुगु आणि इंग्रजी, तर सिमच्या संमतीपत्रावर निव्वळ इंग्रजी! जी संमती वाचता येत नाही तिला संमती म्हणावे काय? इंग्रजीत नावाचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले, आडनाव आधी की नाव आधी याचा घोळ झाला, की माणूस खरा असूनही कागद खोटा ठरतो. हातात सिम नाही म्हणजे बँकेचा संकेतांक नाही. आणि तो नाही म्हणजे स्वतःच्याच मजुरीला आपण पारखे!

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी मोबाईलला आधार जोडण्याची सक्ती रद्द ठरविली. २०१९ च्या दुरुस्तीने ओळखीचा मार्ग निवडणे ऐच्छिक केले आणि आधार क्रमांक नाही म्हणून सेवा नाकारू नये असे बजावले. तेव्हा अंगठा जुळत नसेल तर दुसरे ओळखपत्र पाहून, समोरासमोर छायाचित्र घेऊन सिम देण्याचा मार्ग प्रत्येक दुकानात खुला असला पाहिजे. प्रत्येक ठशाबरोबर कोणता क्रमांक सुरू झाला त्याची छापील पावती ग्राहकाला मिळाली पाहिजे. आणि संमतीपत्र मराठीत वाचून दाखविले गेले पाहिजे. ही भीक नव्हे. संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने आम्हांस दिला आहे.

परंतु सरकार जागे होईपर्यंत आपण निजून चालणार नाही. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपला क्रमांक घातला, की आपल्या नावावरील सर्व क्रमांक दिसतात. परका क्रमांक दिसल्यास तो तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळविता येतो. ही सोय २०२१ मध्ये प्रथम आंध्र व तेलंगणातच सुरू झाली होती. गावोगावच्या शिकलेल्या तरुणांनी एक रविवार या कामी द्यावा आणि आपल्या आळीतील प्रत्येक वडीलधाऱ्याचे नाव तपासून पाहावे. तसेच दुकानदार दुसऱ्यांदा ‘अंगठा ठेवा’ म्हणाला, तर आधी विचारावे : पहिल्या अंगठ्याचे काय झाले?

एवढा एक प्रश्न विचारण्याचे धैर्य भीमपूरने दाखविले, तरी निम्मा चोरबाजार आपोआप ओस पडेल!